खालच्या आळीची पाळी

परसातलं निळं बॅरल रजियानं जुन्या गोधडीनं झाकून ठेवलं होतं आणि घरात कुणालाच ती त्याला हात लावू देत नव्हती. चहाला पाणी कमी पडलं तर शेजारच्या कडूबाईकडून तांब्याभर मागून आणायची, भांडी राखेनं कोरडीच घासायची, पण त्या बॅरलचं झाकण काढायची नाही. एकदा अमजदनं, तिच्या नवऱ्यानं, टेम्पोवरून आल्यावर तोंडावर पाणी मारायला म्हणून गोधडी बाजूला सारली, तर ती केवढ्यांदा तरी त्याच्या अंगावर ओरडली. तो मुकाट बाजूला झाला आणि पुन्हा त्यानं विचारलं नाही. बहुतेक त्याला कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच विचारलं नव्हतं.

ते पाणी तिनं सासऱ्यांच्या मयतीसाठी राखलं होतं.

बाबाजान अजून चांगले बोलत होते. मिरजगावच्या डॉक्टरांनी "आता घरीच सेवा करा" म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून पुढच्या खोलीत दाराशी त्यांची खाट होती. दोन घास पेज खायचे, रस्त्यानं कोण गेलं ते विचारायचे, मध्येच डोळे मिटून पडायचे. आयुष्यभर त्यांनी गावाचा कापूस पिंजला, गाद्या भरल्या. आता अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. आणि त्यांना चमच्यानं पेज भरवता भरवता रजियाच्या मनात दुसरंच चालायचं. आज गेले तर? मयतीला घुसल, म्हणजे ती शेवटची आंघोळ, घालायला पाणी लागणार. दफनाला आलेल्या माणसांना वजूला, हातपाय धुवायला लागणार. मे महिना, नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, तेही आलं तर. मग ती स्वतःलाच शिव्या घालायची. माणूस समोर श्वास घेतोय आणि तू त्याच्या मढ्याचं पाणी मोजतेस!

पण ती भीती उगाच नव्हती. मागच्या उन्हाळ्यात कडूबाईची सासू गेली, तेव्हा म्हातारीला अंगणात ठेवून घरची माणसं रिकामे हंडे घेऊन गावभर फिरली होती. ऊन चढत गेलं आणि शेवटी दोन तांब्यांत तिचं उरकलं. त्यानंतर कडूबाई कित्येक दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. रजियानं ते सगळं कुंपणाशी उभं राहून पाहिलं होतं.

बोरखेल तसं फार मोठं गाव नाही. मिरजगावचा हायवे सोडून आत आलं की आधी उंचवट्यावर पाण्याची टाकी दिसते, मग वरची आळी, मग मारुतीचा पार आणि उतार संपता संपता खालची आळी. टाकीपासून एकच पाइप निघतो आणि सगळ्या घरांना पाणी देत देत खाली येतो. नकाशावर पाहिलं तर गावात कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पण वरच्या आळीत बहुतेकांनी नळालाच मोटार जोडली होती. पाणी सोडणाऱ्या वैजनाथनं टाकीचा वॉल फिरवला की वर मोटारी सुरू होत, गच्चीवरच्या टाक्या भरत, हौद भरत, आणि खालच्या आळीच्या नळातून नुसती हवा फुसफुसत राही. पाणीपट्टी दोन्ही आळ्यांना सारखीच होती. पंचायतीनं दोनदा 'मोटारी जप्त करू' म्हणून जाहीर केलं होतं. जप्त करणाऱ्यांच्या घरीही मोटारी होत्या.

त्या सोमवारी पाण्याची पाळी होती. रजिया सकाळपासून नळाखाली हंडा लावून बसली होती. अमजद लिंबाचा माल घेऊन मिरजगावला गेला होता. उन्हानं पत्रे तापायला लागले होते. वर पाणी सुटल्याचं तिला नळाच्या आवाजावरून कळलं. आत कुठं तरी गुरगुरलं, खोकल्यासारखा आवाज आला, दोन थेंब हंड्यात पडले आणि मग हवा.

"रजिया," आतून बाबाजाननी हाक मारली.

ती गेली. उशी घामानं ओली झाली होती. रात्री कपडे खराब झाले होते ते तिनं बदलले होते, ओल्या फडक्यानं पुसलं होतं, पण वास गेला नव्हता. बाबाजानना तो येत होता. आयुष्यभर कपड्याला डाग न लावता राहिलेला माणूस तो.

"मला आंगूळ पाहिजे," ते म्हणाले. "फडकं नको. डोक्यावरनं पानी पाहिजे. अमजद आला की सांग त्याला."

"व्हय अब्बा. नळ येऊ द्या, मग सांगते. आज पाळी हाय."

"नळाला न्हाई येत. मला ऐकू येतंय की."

"येईल."

ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "परसात बॅरल हाय न्हवं भरलेलं?"

रजियाच्या हातातला पंखा थांबला.

"माझ्यासाठीच ठिवलंय ना ते?" म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, हेच तिला सोसेना. "मग आताच दे की. मेल्यावर मला काय कळनार हाय, अंगावर गार पडलं का गरम."

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर कुठल्या तोंडानं. आणि त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, तीच भीती पुन्हा हलली. आत्ता दिलं आणि संध्याकाळी काही झालं तर? तिनं पदर डोक्यावर ओढला, "आलेच अब्बा," एवढंच म्हणाली आणि हंडा तिथंच टाकून रस्त्याला लागली. कडूबाईला तेवढं ओरडून सांगितलं, "अब्बांकडं बघ गं जरा!"

वरच्या आळीत शिरताच तिला तो आवाज ऐकू आला. प्रत्येक फाटकाच्या आत घर्रर्र, घर्रर्र. कुठं पाइपनं अंगणात सडा चालला होता, कुठं मोटारसायकल धुतली जात होती. बनुबाईच्या घराची गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि भिंतीवरून पाण्याचा ओघळ थेट गटारीत उतरत होता. रजिया तो ओघळ बघत उभी राहिली.

बनुबाई ओट्यावर आली. साठीची, जाड चष्म्याची, पूर्वी बोलायला मोठी खणखणीत बाई. अलीकडं थकली होती. तिचा नवरा कारभारी नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस होता, नुकताच घरी आणला होता, एवढं गावाला माहीत होतं.

"काय गं रजिया? बाबाजान कसं हायेत?"

"काकू, खाली थेंब आला न्हाई. तुमची टाकी वाहून चाललीय."

बनुबाईनं वर पाहिलं आणि घाईनं जाऊन बटण बंद केलं. परत आली तेव्हा ओशाळली होती. "ध्यान न्हाई राह्यलं. यांच्यातच असते मी दिसभर."

"पाळी संपस्तोर बंद ठिवा ना मोटार. आमच्या नळाला तेवढंच येईल."

"बाई, मी बंद केली म्हणून तुला येनार हाय का?" बनुबाई म्हणाली. तिनं हे चिडून म्हटलं नाही. "माझं पानी शेजारचा वढील. त्यानं बंद केली तर त्याच्या पलीकडचा. सगळ्यांनी लावल्या म्हणून मी लावली. पयल्यांदा मी पन कोरडीच राह्यले हुते. थांब, तुला दोन हंडे देते माझ्यातलं."

"मला हंडे नकोत काकू. माझ्या नळाला पानी पाहिजे."

शब्द तोंडातून गेले आणि लगेच तिला धसका बसला. दोन हंडे म्हणजे म्हाताऱ्याची आंघोळ होती. ती मागं फिरून मागू शकली असती, बनुबाईनं दिलेही असते. पण पाय टाकीकडे चालत राहिले, आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं की आपण चुकतोय.

टाकीखाली वैजनाथ वॉलशी बसला होता. "भाभी, माझ्या हातात काय हाय?" तो म्हणाला. "मी पानी सोडतो. पुढं कोन वढतंय ते मी कसं धरू? टाकीतलं निम्मं गेलं. तासाभरात संपल."

"निम्मं?"

"अर्धीच भरली हुती. बोर आटलीय."

तासाभरात संपणार. नंतर पुन्हा आठवडा. ती धावतच उतरली. पाराशी कडूबाई आणि खालच्या आळीतल्या पाच-सहा जणी रिकाम्या कळशा घेऊन येताना दिसल्या. "तमन्नाला बसवलंय म्हाताऱ्याजवळ," कडूबाई म्हणाली. तमन्ना म्हणजे रजियाची पुतणी, त्याच बोळात राहणारी. "झोपलेत. तू एकटीच काय भांडत फिरतीस?"

कडूबाईलाच ते सुचलं. तिच्या लेकीच्या सासरी, पाणी सुटलं की तासभर वीजच बंद करतात. लाइट नाही तर मोटार कशी चालणार? वरच्या आळीची डीपी, विजेची पेटी, पाराच्या मागंच होती. बायका तिथं जाऊन बसल्या आणि रजियानं वायरमन अंगदला फोन लावला.

अंगद फटफटीवर आला, डीपीकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. "मला कुनी तरी सांगाया पाहिजे. मी आपला मनानं कसा फ्यूज काढू?" त्यानं सरपंचांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "कर तासभर बंद. पण माझं नाव घेऊ नको." बायका कडवट हसल्या. अंगदनं पिशवीतून हातमोजे काढले.

रजिया उठून डीपीजवळ गेली. एवढं सोपं होतं? मग आजवर का नाही केलं? अंगदनं डीपीचं दार उघडलं, आणि त्याच वेळी वरून कुणी तरी "थांबा, थांबा" ओरडत आलं. बनुबाई होती. पायात चप्पल नव्हती. कुणी तरी तिला फोन केला असणार.

"लाइट घालवू नका! अंगद, बाबा, हात लावू नको!" तिनं खांबाला धरलं आणि दम खाल्ला. "यांना मशीन लावलंय. वाऱ्याचं. नगरहून आनलंय. त्याच्यावरच हायेत."

"काकू, तासाभराचा तर सवाल हाय," मागून एक बाई म्हणाली.

"तासभर? पाच मिनिटं निघालं तरी ओठ निळं पडत्यात. सिलेंडर हुता तो परवा लाइट गेली तवा संपला. नवीन उद्या येनार हाय. इन्व्हर्टरवर ते मशीन चालत न्हाई." ती रजियाकडं वळली. "तुझ्या घरी बी मानूस पडलंय रजिया. तू सांग."

सगळ्या रजियाकडं बघायला लागल्या. अंगदचा हात दारावरच होता.

"आमच्या म्हातारीचं कुनी बघितलं हुतं का?" कडूबाई हलकेच म्हणाली. "दोन तांबे पानी मिळालं तिला. आता यांचं मशीन म्हणून आमी कोरडंच राहायचं?"

आणि कडूबाईचं खरं होतं. बनुबाईचंही खरं होतं. रजियाच्या डोळ्यांपुढं निळे ओठ आले, ते कारभारींचे होते की अब्बांचे ते तिला उमगेना. तिकडं टाकी रिकामी होत चालली होती. जे काही बोलायचं ते आत्ताच बोलायला हवं होतं.

"अंगद, दार लाव," ती म्हणाली.

कडूबाई उठून उभी राहिली. "रजिया!"

"लाव म्हनते ना." मग ती बनुबाईला म्हणाली, "लाइट राहू दे काकू. पण मग मोटारी बंद झाल्या पाहिजेत. समद्या. मी सांगून कोन ऐकनार न्हाई, मला फाटकातनंच वाटंला लावतील. तुमी चला माझ्याबरोबर. दारोदार. आत्ता."

आपल्याला काय मागितलं जातंय ते बनुबाईला पुरतं कळलं होतं. भावकीच्या, सोयऱ्यांच्या दारात जाऊन, खालच्या आळीच्या बायकांबरोबर उभं राहून, मोटार बंद करा म्हणायचं. पुढची कितीतरी वर्षं ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

"चल," ती म्हणाली आणि अनवाणीच पुढं निघाली.

पहिल्या दोन घरांत बायकाच होत्या. बनुबाईला पाहून त्यांनी लगेच बटणं बंद केली. तिसऱ्या घरी एक म्हातारा कुरकुरला, "बनुवहिनी, तुमची टाकी भरली म्हणून व्हय?" "व्हय, भरली," बनुबाई म्हणाली. "वाहून गेली पन. लाज वाटली म्हणून आले. बंद करा भाऊजी, न्हाई तर अंगद डीपी बंद करील आनि तुमच्या भावाचं मशीन थांबंल." एकेक आवाज बंद होत गेला. कडूबाई रागानं थोडी मागून चालत होती, पण चालत होती.

पुढच्या घरी सूर्यभाननं फाटक उघडलंच नाही. आतून मोटारीचा आवाज येत होता. गोठ्यात त्याच्या आठ-दहा जर्सी गाई होत्या.

"माझी जनावरं काय मरू द्यायची?" तो फाटकाच्या आतूनच म्हणाला. "तुमी कोन मला सांगनार? पंचायतीला सांगा काय सांगायचं ते."

"जनावरांना पानी पाजायला कोन नको म्हनतंय?" रजिया म्हणाली. "खालच्या आळीत बी जनावरं हायेत आनि मानसं बी."

तो आत निघून गेला. मोटार चालूच राहिली. बनुबाईनं फाटक दोनदा वाजवलं, मग हात खाली घेतला. त्याच्यापाशी थांबायला वेळच नव्हता.

रजिया उतारावरून पळत सुटली. बोळाच्या तोंडाशी तिला बायकांचा गलका ऐकू आला. गलका कशाचा? अब्बांना तर... तिला पुढं विचार करवेना. दारात तमन्ना उभी होती.

"काकी, आलं!"

नळातून करंगळीएवढी धार पडत होती, आधी गढूळ, मग स्वच्छ. आत बाबाजान जागे होते. खाटेवरून मान वळवून ते तो आवाज ऐकत होते.

पाणी फार वेळ टिकलं नाही. पहिल्या घरांना दोन-तीन हंडे, बोळाच्या शेवटच्या दोन घरांना कळशी भरायच्या आतच टाकी संपली. त्या दोन घरांतल्या बायकांनी रजियाला ऐकू जाईल असं बोलून घेतलं, की लाइट घालवली असती तर सूर्यभानचीही मोटार बंद पडली असती आणि आमच्याही वाटणीला आलं असतं. रजियानं आपल्या नळाचा एक हंडा उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

दुपारी अमजद आला. तिनं त्याला परसात नेलं, गोधडी काढली, झाकण उघडलं. "अब्बांना आंगूळ घाल," ती म्हणाली. "हवी तेवढी." त्यानं बापाला उचलून मोरीत पाटावर बसवलं, पडदा ओढला. रजिया बाहेरून बादली भरून देत होती. आतून आधी म्हाताऱ्याचं कण्हणं आलं, मग पाण्याचा आवाज, मग अमजदचं "डोळे मिटा अब्बा," आणि मग बराच वेळ नुसतं पाणी. चौथी बादली देताना तिनं बॅरलात डोकावून पाहिलं. पाणी बरंच खाली गेलं होतं. तिला भीती वाटली, पण हात थांबला नाही.

बाबाजान त्यानंतर दोन आठवडे होते. एका पहाटे झोपेतच गेले. आदल्या दिवशीच पाळी होऊन गेली होती, घरात पाणी होतं, आणि वरच्या आळीतून बनुबाईनं कुणी न मागताच टेम्पोभर हंडे पाठवले होते. रजियानं या वेळी ते घेतले. घुसल व्यवस्थित झाला. जनाज्याला वरच्या आळीतली माणसंही आली होती. म्हाताऱ्याच्या हातच्या गाद्या त्यांच्या घरांत होत्या.

मग ग्रामसभा झाली, भांडणं झाली. ठरलं ते असं, की पाणी सुटलं की दोन्ही आळ्यांतली एकेक बाई रस्त्यानं फिरेल आणि मोटारीचा आवाज आला की ते दार वाजवील. खालच्या आळीसाठी वेगळा वॉल बसवायचंही ठरलं. वॉल अजून आलेला नाही. सूर्यभाननं पहिल्या दोन पाळ्यांना फाटक उघडलं नाही, तिसऱ्या पाळीला मोटार उशिरा लावली, एवढंच. कडूबाई अजून म्हणते की डीपी बंद करायला पाहिजे होती. रजिया तिच्याशी वाद घालत नाही, कारण तिला स्वतःलाच पक्कं सांगता येत नाही.

पाळीच्या आदल्या रात्री तिला अजूनही नीट झोप लागत नाही. सकाळी ती वर जाते तेव्हा बनुबाई फाटकाशी तयार असते. पायात आता चपला असतात.

"कारभारीकाका कसं हायेत?" रजिया विचारते.

"हायेत," बनुबाई म्हणते. "तसंच."

तेवढ्यात टाकीवरून वैजनाथ पाणी सुटल्याची आरोळी देतो, आणि दोघी बोलणं तिथंच सोडून, कान देत चालायला लागतात.